ईको कार्गो : एसीच्या कामाला गाडी कशी आहे, आणि तिला कुलपं काय काय लावली

मारुतीची ईको कार्गो बरेच महिने झाले रोज कामावर चालवतोय, म्हणून हा रिव्ह्यू. आणि हा फक्त आपल्या लोकांसाठी आहे, म्हणजे एसी-फ्रिजवाले, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, आरओवाले, फर्निचरवाले, ज्यांचं दुकान गाडीतच असतं. फॅमिलीला ईको घ्यावी का असा प्रश्न असेल तर इथे उत्तर नाही मिळणार.

गाडी मला आवडलीये. एकटा कारागीर किंवा एक कारागीर एक हेल्पर अशी जोडी असेल तर या पैशात यापेक्षा कामाची बंद गाडी मला तरी दिसत नाही. पण गाडी कुठलीही घ्या, शोरूममधून निघाली तशीच हत्यारं भरून रात्री गल्लीत उभी करू नका. कुलपं, जाळी, सायलेन्सरचा गार्ड, आतली पेटी हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरा, लोनचा हप्ता ठरवताना धरा. "नंतर बघू" म्हणणारे खूप बघितलेत, ते नंतर कधी येत नाही, एकदम चोरीच होते.

आधी बाकी गाड्या का सोडल्या ते सांगतो. आमच्याकडे पुण्यात आधी बहुतेक मेकॅनिक लोकांकडे ओम्नी असायची, ती २०१९ ला बंद झाली, आता ज्या आहेत त्या जुन्या. मग लोक छोटा हत्ती, म्हणजे टाटाची एस बघतात, मारुतीचीच सुपर कॅरी बघतात. दोन्ही वजन ओढायला चांगल्या, सिमेंट, टाइल्स, वाळूची पोती असलं काम असेल तर त्याच घ्या. पण त्या उघड्या गाड्या आहेत, मागे ताडपत्री आणि दोरी. ताडपत्रीखाली कॉपर पाइपचं बंडल ठेवून तुम्ही सोसायटीच्या आठव्या मजल्यावर तासभर काम करत बसलात तर तुमचं लक्ष कामात नसतंच, हेल्परला खाली गाडीपाशी उभा करावा लागतो, म्हणजे एका माणसाची हजेरी राखणीला गेली. कंटेनर बॉडी बांधून घेता येते, काही जण बांधतात आणि छान बांधतात, पण त्याचा खर्च वेगळा आणि उंची वाढते, मग बेसमेंट पार्किंगला अडचण. टाटाची विंगर कार्गो बघितली, माल नेणाऱ्याला मस्त आहे, आत जवळपास उभं राहता येतं, पण आपल्या कामाला मोठी आणि पेठेतल्या बोळात वळवायची म्हणजे घाम निघतो. तीनचाकीला बंद बॉडी मिळते पण तिला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी आहे आणि माझी लोणावळ्याला बंगल्यांची कामं असतात. इलेक्ट्रिकमध्ये टाटाची एस ईव्ही आणि महिंद्राची झिओ आहे, ज्याच्याकडे घराखाली स्वतःचा चार्जिंग पॉइंट आहे त्याने जरूर बघावी, माझ्याकडे नाही, विषय तिथेच संपला.

ईकोचं माप सांगतो, लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. हा रुंदीचा आकडा महत्त्वाचा. जिथे दोन बाजूंना स्कूटर लावलेल्या असतात अशा गल्लीतून ही निघते. इंजिन १.२ लिटर पेट्रोल, २०२२ च्या नोव्हेंबरपासून नवीन के-सिरीज आलंय, ताकद ८० पीएसच्या आसपास, सीएनजीवर ७१-७२. इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. मागची चाकं ओढतात याचा फायदा असा की माल मागे असला की चाकांवर वजन असतं आणि चढाला पकड सुटत नाही, कात्रजचा जुना घाट भरल्या गाडीने चढलात की कळेल मी काय म्हणतोय. तोटा असा की इंजिन बुडाखाली असल्यामुळे केबिन तापते, हे सगळ्या ईकोवाल्यांना माहितीये. एप्रिल-मे आपला सीझन, तेव्हाच ऊन आणि तेव्हाच ट्रॅफिक. सीटखाली उष्णता रोखणारं मॅट टाकून घ्या, फरक पडतो.

मायलेजबद्दल सगळे विचारतात. कंपनीचा आकडा पेट्रोलला लिटरला १९ ते २० आणि सीएनजीला किलोला २६-२७ आहे. भरलेली गाडी, सतत चालू-बंद, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, यात त्याहून कमीच मिळणार हे धरून चाला. सीएनजी घ्यावी का हे मायलेजवर ठरवू नका, तुमच्या वजनावर ठरवा. सीएनजीची टाकी गाडीचं स्वतःचं वजन वाढवते आणि तेवढा तुमचा माल कमी होतो. आरसीवर दोन आकडे असतात, एक जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, आणि एक अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरतं त्यात तुम्ही, हेल्पर, हत्यारं, माल, कॅरिअर आणि आता आपण जी जाळी-पेटी बसवणार ती, हे सगळं आलं. एसीवाल्याला प्रॉब्लेम नाही, दीड टनाच्या एसीचा बाहेर बसवायचा डबा, म्हणजे आउटडोअर, वजनाला साधारण तीस किलोच्या आसपास, असे चार टाकले तरी काही नाही. पण टाइल्सवाला किंवा वॉटरप्रूफिंगवाला ५० किलोची दहा पोती टाकतो आणि वर दोन माणसं बसतात तेव्हा हिशोब संपला. ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. दंड बाजूला ठेवा, ब्रेक लागायला अंतर लागतं ते जास्त महत्त्वाचं. सीएनजीला टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करायची असते, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सेफ्टीबद्दल स्पष्ट बोलतो. २०१६ ला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेने, एअरबॅग नसलेली ईको टेस्ट केली तेव्हा मोठ्यांसाठी शून्य स्टार आले होते. त्यानंतर एअरबॅग, एबीएस, रिव्हर्स सेन्सर, इमोबिलायझर हे सगळं आलं, पण गाडीची रचना तीच आहे, पुढे बॉनेट लांब नाही, गुडघ्यापुढे फार काही नाही. मी हायवेला ऐंशीच्या वर नेत नाही आणि हेल्परला बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. आणि मागची हत्यारं बांधलेली पाहिजेत, कारण ब्रेक दाबल्यावर मोकळा नायट्रोजनचा सिलिंडर सरळ तुमच्या पाठीत येणार. पार्टिशनची जाळी चोरासाठी जेवढी लागते तेवढीच यासाठीपण लागते.

आता पांढरी पाटी की पिवळी पाटी. खूप जण पाच सीटर पांढऱ्या पाटीची घेतात आणि मागचं सीट काढून ठेवतात, सोसायटीत वॉचमन अडवत नाही, फिटनेसची कटकट नाही असं म्हणतात. मी पिवळ्या पाटीची कार्गोच घेतली आणि तुम्हालाही तेच सांगीन. एक तर सीट काढणं म्हणजे आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करणं, अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघणार, "धंद्यासाठी वापरत होता का" हेपण विचारणार. दुसरं म्हणजे जीएसटी. तुमचा जीएसटी नंबर रेग्युलर असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी क्रेडिट म्हणून मिळतो, पॅसेंजर गाडीवर मिळत नाही, कायद्यातच अडवलंय. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे जे छोटे धंदेवाले उलाढालीवर ठरावीक टक्के भरतात त्यांना, हा फायदा नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढी रक्कम कमी झाली पण क्रेडिटचा मुद्दा तसाच आहे. सीएला एक फोन करा. तिसरं, परमिटची भीती लोकांना उगाच असते, ३,००० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागतच नाही. फिटनेस नवीन गाडीला दर २ वर्षांनी, ८ वर्षांनंतर दरवर्षी. लायसनचंपण तसंच, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळा शिक्का नको. माझ्या हेल्परला चालवायला द्यायची होती म्हणून हे मी नीट वाचून घेतलं.

सोसायटीचं म्हणाल तर हो, काही ठिकाणी पिवळी पाटी दिसली की गेटवर अडवतात, "टेम्पो बाहेर लावा". सेक्रेटरी काकांशी एकदा शांतपणे बोलायचं, की काका आत हत्यारं आहेत, बाहेर लावली आणि चोरी झाली तर तुमच्याच सोसायटीचं काम अर्धवट राहील. बहुतेक जण ऐकतात. गाडीवर दुकानाचं नाव आणि नंबर नीट लिहिलेला असला की अजून पटकन ऐकतात. काही जण म्हणतात नाव लिहिलं की चोराला कळतं आत काय आहे. मला ते पटत नाही, आमच्याकडे कार्गो ईको बघितली की आत माल किंवा हत्यारं असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, नाव काढून काही लपत नाही आणि धंदा मात्र जातो.

आता कुलपांकडे येतो, खरं लिहायचं होतं ते हेच.

पहिलं काम सायलेन्सर. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ईकोचा सायलेन्सर चोरीला जातो. अख्खी गाडी सोडून फक्त सायलेन्सर. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, तिकडे गुजरात, सगळीकडे टोळ्या पकडल्यात, पेपरात बातम्या येतच असतात. कारण त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धूर साफ करायला, आणि त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. चोर लोक तो फोडतात, आतली जाळी कुटून जी पावडर निघते तिला "माती" म्हणतात आणि ती माती विकतात. हे धातू सगळ्याच पेट्रोल गाड्यांच्या कन्व्हर्टरमध्ये असतात, पण ईको जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, खाली माणूस सरपटत सहज जातो, एक्झॉस्ट मोकळा दिसतो, आणि अशा गाड्या रात्री रस्त्यावरच उभ्या असतात. म्हणून ईकोवर डोळा. माझ्या ओळखीच्या एका प्लंबरची गाडी घराखाली होती, सकाळी स्टार्टर मारला तर ट्रॅक्टरसारखा आवाज. नवीन सायलेन्सरचा खर्च पाच आकडी आणि तो येईपर्यंत काम बंद, पाण्याच्या टाकीची ऑर्डर हातातून गेली ती वेगळीच.

म्हणून गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी गार्ड बसवा. ईकोसाठी तयार लोखंडी पिंजरा मिळतो, ॲक्सेसरीजच्या दुकानात आणि ऑनलाइन, काही हजारांत काम होतं. घेताना दोन गोष्टी बघायच्या. पत्रा किंवा पट्टी जाड पाहिजे, हाताने वाकतेय असली नको. आणि बोल्ट कसले आहेत ते. साधे षटकोनी बोल्ट असतील तर ज्या पान्याने चोर सायलेन्सर खोलतो त्याच पान्याने गार्डपण खोलणार, मग काय उपयोग. ज्याचं डोकं घट्ट झाल्यावर तुटून पडतं असे बोल्ट मिळतात, किंवा वेगळ्या चावीचे मिळतात, ते लावा. काही जण नट जागेवर वेल्डिंगने टाकून देतात, तेही चालतं पण मग सर्व्हिसिंगच्या वेळी कटर लागणार. गार्ड सायलेन्सरला टेकता कामा नये, थोडी हवा जायला जागा पाहिजे कारण तो पाइप प्रचंड तापतो, टेकला तर खडखड आवाजही येतो. आणि बसवायचं काम गाडी पूर्ण थंड असताना करा. फॅब्रिकेशनवाल्याकडे वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा, नाहीतर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, झटका बसू शकतो, आणि सीएनजी असेल तर गाडीवर वेल्डिंग नकोच, सगळं नट-बोल्टवर बसवा. आमचा वेल्डरवाला दादा म्हणला "काही होत नाही हो", मी म्हणलं दादा तुझं काही होणार नाही, गाडी माझी आहे, आधी काढ. काढली त्याने.

दुसरं, दारं. ईकोला पुढची दोन, दोन बाजूंची दोन सरकती आणि मागचं एक वर उचलायचं, म्हणजे पाच जागा सांभाळायच्या. यातली एक मी कायमची बंद करून टाकली. ड्रायव्हरच्या बाजूचं सरकतं दार तसंही ट्रॅफिकच्या बाजूला उघडतं, तिथे उभं राहून सामान काढणं धोक्याचं. त्या बाजूला आतून पूर्ण रॅक बसवला आणि दाराला आतून बोल्ट मारला. आता बाहेरून लॉक तोडलं तरी दार सरकत नाही. राहिली चार. डाव्या सरकत्या दाराला आणि मागच्या दाराला बाहेरून जाड पट्टीचा कडी-कोयंडा. इथे एक काळजी, कोयंडा स्क्रूने बसवू नका, आरपार बोल्ट टाका, बाहेर गोल गुळगुळीत डोकं आणि आत मोठा वॉशर आणि नट, पत्र्याच्या आतून एक जाड प्लेट टाकली की ओढून पत्रा फाटत नाही. भोक पाडलं की लगेच प्राइमर लावा, पावसाळ्यात तिथूनच गंज चढतो. कुलूप म्हणाल तर लांब दांडीचं कुलूप कटरने पटकन जातं, तबकडीसारखी गोल कुलपं येतात ज्यांची दांडी जवळजवळ दिसतच नाही, ती या कामाला बेस्ट. ते नाही मिळालं तर गोदरेजचं नवताल कुलूप चालेल पण कोयंड्याभोवती पत्र्याची टोपी करून घ्या म्हणजे कटरचा जबडा आत शिरत नाही.

चावीबद्दल एक. सगळ्या कुलपांना एकच चावी करून घेता येते, कुलूपवाल्याकडे सांगितलं तर सेटच मिळतो. हे फार कामाचं आहे, कारण चार वेगळ्या चाव्या असल्या की दुपारी तीनला उन्हात कोणी कुलूप लावत नाही, "दोन मिनिटात येतो" म्हणून उघडंच टाकतात. मी हेल्परला एकच नियम सांगितलाय, वर जाताना कुलूप, मग वर पाच मिनिटांचं काम असो नाहीतर पाच तासांचं. आपल्या लाइनमधल्या ज्या चोऱ्या मी ऐकल्यात त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवसाढवळ्या झाल्यात, दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

तिसरं पार्टिशन. कार्गोच्या मागच्या भागाला बाजूंना खिडकीऐवजी पत्रा आहे ही सगळ्यात चांगली गोष्ट, आत काय आहे दिसत नाही आणि काच फोडायचा प्रश्न नाही. पण पुढच्या दाराची काच फोडली की माणूस सीटवरून मागे जाऊ शकतो. म्हणून सीटच्या मागे जाळी लागते, मी अर्धी पत्रा आणि वर जाळी अशी करून घेतली, वरून मागचं दिसतं आणि हवा पण खेळते. पूर्ण पत्रा केला तर मागे काय चाललंय कळत नाही.

चौथं पेटी. दारं तुटलीच असं समजून पुढचा विचार करायचा. व्हॅक्युम पंप, गेज, लीक डिटेक्टर, कोअर कटिंग मशीन, हॅमर ड्रिल ही पाच-सहा महाग हत्यारं एका लोखंडी पेटीत, २ मिलिमीटर पत्र्याची, आणि ती पेटी फ्लोअरला बोल्ट. फ्लोअरला भोक मारायच्या आधी गाडीखाली जाऊन बघा, पेट्रोलची टाकी, पाइप, ब्रेकची लाइन कुठून जाते ते, ही गोष्ट घाईत करायची नाही. तरी रात्री मी पंप आणि गेज घरी नेतोच. जड नाहीत आणि तेच गेले तर दुसऱ्या दिवशी काम शून्य.

कॉपर पाइपचं बंडल गोल असतं, ते आत बसतं. ड्रेनचा दहा फुटी पीव्हीसी पाइप पार्टिशन टाकल्यावर आत बसत नाही. त्यासाठी कॅरिअरवर चार इंची जाड पीव्हीसी पाइप गाडीच्या लांबीत बांधून घेतला, एका बाजूला कॅप सोल्युशनने पक्की आणि दुसऱ्या बाजूला झाकण, त्याला भोक पाडून कुलूप. सगळे लांबट पाइप त्यात. शिडीला साखळी आणि कुलूप, शिडी चोराला लागत नाही असं वाटतं पण पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत चढायला लागते, म्हणून ती सोसायटीच्या सेफ्टीसाठीपण बांधून ठेवा. वरचा पाइप गाडीच्या पुढे-मागे बाहेर लटकवू नका, मालाचं टोक ठरल्यापेक्षा बाहेर आलं तर त्यालाही २०,००० चा दंड आहे.

आता एक गोष्ट जी एसीवाल्यांनी नक्की वाचा, बाकीच्यांनी सोडली तरी चालेल. बंद गाडी केली, कुलपं लावली, जाळ्या लावल्या, म्हणजे आपण गाडी हवाबंद करत आणतोय, आणि आत आपण काय ठेवतो, एसीत भरायचा गॅस आर-३२ चा सिलिंडर, ब्रेझिंगचा म्हणजे कॉपर पाइप जोडायचा एलपीजी, नायट्रोजन. आर-३२ सावकाश का होईना पण पेटतो, एलपीजी तर पेटतोच, आणि दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणजे गळले तर वर जात नाहीत, फ्लोअरवर साचून राहतात. नायट्रोजन पेटत नाही पण बंद जागेत ऑक्सिजन कमी करतो. म्हणून व्हेंटिलेशन वर पाहिजेच पण खाली फ्लोअरच्या लेव्हललाही पाहिजे, मी मागच्या कोपऱ्यात खाली दोन जाळीदार होल करून घेतलीत. गॅसच्या सिलिंडरवर लिहिलेलं असतं की ५०-५२ डिग्रीच्या वर तापू देऊ नका, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद पत्र्याच्या गाडीत तेवढं व्हायला वेळ लागत नाही. सावली बघूनच लावायची, आणि सिलिंडर उभे, बेल्टने बांधलेले, व्हॉल्व्हला टोपी. एलपीजीचा टॉर्च रात्री गाडीत ठेवत नाही. सकाळी मागचं दार उघडल्यावर थोडा वेळ उघडं ठेवतो आणि मगच आत हात घालतो, आणि गाडीत विडी-सिगरेट अजिबात नाही, हेल्पर असो की कस्टमर असो. चोरीपासून वाचवायच्या नादात गाडीचा बॉम्ब होऊ नये एवढं बघा.

जीपीएस पण लावलाय. सिम कार्डवाला, बॅटरीला जोडलेला, दरवर्षी रिचार्ज. गाडी उचलून नेली तर सापडायला उपयोगी, आणि हेल्पर कुठे आहे हे कस्टमरला सांगतापण येतं. काही जीपीएसमध्ये मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असते, ती मी घेतली नाही, चालत्या गाडीत चुकून बंद झालं तर काय, आणि त्यासाठी इग्निशनची वायर कापावी लागते, मग वॉरंटीत वाद. गाडीत इमोबिलायझर आहेच, चिपवाल्या चावीशिवाय चालू होत नाही. दोन्ही चाव्या जपून ठेवा, अख्खी गाडी चोरीला गेली की इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजनल चाव्या मागतात आणि एक नसली तर क्लेम अडकतो.

इन्शुरन्सवरूनच, गाडीचा फुल इन्शुरन्स असला म्हणजे आतली हत्यारं कव्हर झाली असं समजू नका. गाडीच्या पॉलिसीत गाडी आणि तिच्या ॲक्सेसरीज येतात, तुमचा व्हॅक्युम पंप येत नाही. हत्यारांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, फिरत्या सामानासाठी "ऑल रिस्क" नावाची मिळते, एजंटला तेच नाव सांगा. घेताना अटी वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये दार तोडल्याची खूण लागते, म्हणजे उघड्या गाडीतून सामान गेलं तर पैसे नाहीत. आणि प्रत्येक हत्याराचं बिल आणि सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये नाही, मेलवर ठेवा, कारण फोनपण गाडीतच असू शकतो. चोरबाजारात माल सापडला तरी नंबर नसेल तर तुमचा आहे हे पोलिसांना पटवायचं कसं.

एकूण गाडीला पाचपैकी चार देईन. एक स्टार केबिनच्या उष्णतेचा आणि पुढून धडक झाली तर वाटणाऱ्या भीतीचा कापला. बाकी पार्ट गावोगावी मिळतात, कुठलाही गॅरेजवाला हात लावतो, आणि फिरवायला सोपी, हे आपल्या धंद्यात फार मोठं आहे, कारण गाडी दोन दिवस बंद म्हणजे सीझनमध्ये दोन दिवसांची सगळी कामं दुसऱ्याकडे.

जे सेकंडहँड बघतायत त्यांच्यासाठी एवढं आणि थांबतो. ईको घेताना इंजिनच्या आधी खाली वाका आणि सायलेन्सर बघा. बाकीची गाडी धुळीने माखलेली आणि सायलेन्सर तेवढा चकचकीत असेल तर विचारा कधी बदलला, बिल दाखवा म्हणा. चोरी झाल्यावर बऱ्याच जणांनी स्वस्तातला कन्व्हर्टर नसलेला पाइप टाकलेला असतो, गाडी तशीही चालते पण धूर साफ होत नाही, आणि पीयूसी आणि फिटनेसला तुमची अडचण होणार. डॅशवर इंजिनचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी चालू झाल्यावर विझतो ना, ते बघा, काही जण तो दिवाच काढून टाकतात. मग मागच्या फ्लोअरचं मॅट उचला, जुन्या मालकाने पेटी बसवायला कुठे कुठे भोकं पाडलीत आणि तिथे गंज किती आहे ते हाताने दाबून बघा. तो गंज किती हे कळल्यावरच किमतीचं बोला.